टॉवरचे पाटकरी

सुरुवातीलाच माफी मागतो. कुणाबद्दल काही लिहावं इतकी माझी तयारी नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि लिहिण्याचं म्हणाल तर लग्नपत्रिकांवर नावं टाकण्यापलीकडे घरात पेन फारसं उचललं जात नाही. ती नावंही हल्ली माझ्याकडूनच टाकून घेतात. त्यामुळे कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट मात्र मी खात्रीने सांगू शकतो. मोबाईलचं नेटवर्क म्हणजे पाणी, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या खानदेशात एकच आहे, आणि ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ आहेत. आम्ही त्यांना नाना म्हणतो. गावही नानाच म्हणतं.

आमचं गाव पांझरेच्या काठी, धुळ्यापासून एसटीने फार लांब नाही. पूर्वी नदीवरच्या बंधाऱ्यातून पाट निघायचा आणि त्याच्या पाण्यावर सगळ्या गावाची मिळून एक सलग बागायत व्हायची. तिला फड म्हणत. कुणाच्या शेताला पाणी कधी आणि किती वेळ, हे पाटकरी ठरवायचा, आणि नाना आमच्या फडाचे शेवटचे पाटकरी. त्यांचा नियम एकच होता. पाटाच्या शेपटीला ज्याचं शेत, त्याला पाणी आधी. पाटाच्या तोंडाशी ज्याचं शेत, त्याने सगळ्यांचं झाल्यावर भरायचं. नानांचं स्वतःचं शेत तोंडाशीच होतं. पुढे ज्याने त्याने विहिरी खोदल्या, बोअर घेतले, जळगावहून ठिबकच्या नळ्या आल्या आणि पाटकऱ्याला कुणी विचारेनासं झालं. नानांनी फावडं दाराच्या मागे उभं करून ठेवलं. मी लहानपणापासून ते तिथेच बघतो आहे.

नंतर गावाच्या वरच्या अंगाला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, एका कंपनीचा टॉवर उभा राहिला. पहिली काही वर्षं बरी गेली. मग घरोघरी दोन-दोन, तीन-तीन मोबाईल आले, आणि संध्याकाळी सात वाजले की नेट असं काही अडकायचं की पडद्यावरचं चाक फिरताना बघत बसावं. इतरांचं यात सिनेमा आणि सामने यापलीकडे फारसं बिघडत नव्हतं. नानांचं बिघडत होतं. त्यांची एकुलती एक मुलगी, आमची ताई, सुरतेला दिलेली. दोन वर्षांपूर्वी एकदा तिला दिवस राहून गर्भ पडला होता. आता पुन्हा आशा लागली तेव्हा डॉक्टरांनी तिला पलंगावरून हलायचं नाही असं बजावलं. तिची आई, आमच्या काकू, तिच्याजवळ जाऊन राहिल्या. नाना म्हशी आणि शेत सोडून जाऊ शकत नव्हते. रोज रात्री जेवणाआधी तिचा चेहरा बघायचा एवढंच त्यांना हवं होतं, आणि तोच अर्धा दिसून थांबायचा. कपाळ, डोळे, आणि खाली नुसते चौकोन. "कपाळ दिसस, पण हसस का रडस ते कसं कळावं?" असं ते मला म्हणाले होते.

तेव्हापासून त्यांनी टॉवर मनावर घेतला. फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांची स्वतःची तपासणी होती. त्यांच्याकडे त्यांच्या जुन्या बैलाचा एक फोटो होता. तो माझ्या नंबरावर पाठवायचा आणि अडकित्ता घेऊन सुपारी कातरायला बसायचं. सुपारी संपायच्या आत फोटो गेला तर नेट बरं, सुपारी संपली तर वाईट. मी तेव्हा जळगावला खोली घेऊन शिकत होतो. माझ्या फोनमध्ये तोच बैल रोज यायचा. कधी दिवसभर काहीच नाही आणि मग तासाला बसलेलो असताना सगळे बैल एकदम. माझ्या खोलीतल्या मित्राला बरेच दिवस वाटत होतं की आमच्या घरात कुणी तरी बैल विकायला काढला आहे आणि गिऱ्हाईक मिळत नाही.

कंपनीच्या तक्रार नंबरावर तर ते रोज फोन करत. तिकडून बाई हिंदीत बोलत, नाना अहिराणीत, आणि तरी दोघांचं बरं चालायचं. तिने तक्रार लिहून घेतली आहे असं सांगितलं की हे विचारत, "तुन्हं गाव कोणतं, माय?" एकीने इंदूर सांगितलं. मग तिच्या गावाला नेट सगळ्यांना पुरतं का, शेवटच्या घराला मिळतं का, याची त्यांनी इतकी चौकशी केली की शेवटी तीच म्हणाली, काका, आमच्याकडेही संध्याकाळी अडकतं. नाना फोन ठेवून मला म्हणाले, "बिचारी. तिले कोठे तक्रार करता येस?" त्या दिवसापासून ते तक्रार कमी आणि विचारपूस जास्त करू लागले.

एकदा धुळ्याहून कंपनीचा इंजिनियर आला. त्याने समजावून सांगितलं की टॉवर बिघडलेला नाही, त्याची क्षमता कमी पडते आहे. वापरणारे वाढले, डेटा वाढला. वरून मंजुरी आली की नवीन यंत्रं बसतील. नाना म्हणाले, "म्हणजे बंधारा तोच, शेतं वाढनात." इंजिनियर म्हणाला, तसं समजा. त्याला निघायची घाई होती. पण त्याने समजा म्हटलं आणि नानांनी ते समजून घेतलं ते कायमचं.

आधी त्यांनी गाळ काढायचं ठरवलं. पाटाचा गाळ पूर्वी सगळा गाव मिळून काढायचा, तसाच. सकाळी फुलांचे फोटो येतात, देवांचे येतात, ते फोनमध्ये साचून टॉवर तुंबतो, अशी त्यांची समजूत. मी भीत भीत सांगून बघितलं की फोनमधले फोटो पुसल्याने टॉवरला काही फरक पडत नाही. ते म्हणाले, "तू काल कॉलेजले गया. मी गाळ काढाले जन्म घाला." एका रविवारी मारुतीच्या पारावर सगळा गाव बसला आणि फोटो पुसत राहिला. शेठजींनीही किराणा दुकान अर्धं बंद करून आपली फुलं पुसली. आणि सांगायला संकोच वाटतो, पण त्या सकाळी नेट खरोखरच जोरात चाललं. सगळे पुसण्यात गुंतले होते, वापरायला कुणी नव्हतं. हे कारण मी नानांना सांगितलं नाही. ते फार खुश होते.

त्यानंतर पाळ्या आल्या. गावात तीन गल्ल्या. टॉवरपासून सगळ्यात लांबची खालची गल्ली, तिची पाळी सात ते आठ. मधल्या गल्लीची आठ ते नऊ. टॉवरच्या तोंडाशी आमची भाऊबंदांची गल्ली, म्हणून आम्ही सगळ्यात शेवटी, नऊ वाजता. ज्याची पाळी नाही त्याने फोनमधलं विमान लावायचं. नुसतं नेट बंद करून चालणार नाही, कारण चालू फोन झोपेतही थोडं थोडं पीत असतो, असं नानांचं म्हणणं. कुणाला खरीच निकड असली तर त्याने त्यांच्याकडे येऊन पाळी उसनी मागायची. नाना गळ्यात शिट्टी घालून तीनदा गावातून फिरत. गावाला या प्रकाराची मजा वाटली, आणि थोडा धाकही वाटला, कारण पाण्याच्या बाबतीत या माणसाने कधी स्वतःच्या भावाचीही बाजू घेतली नव्हती.

आता खरं सांगायचं तर पाळी कुणीच पाळत नव्हतं. खालच्या गल्लीला तिची वेळ सुरुवातीची, म्हणून त्यांचं नाव चांगलं राहिलं. आमच्या गल्लीत शिट्टी वाजली की सगळे मोठ्याने "लावलं विमान" म्हणायचे आणि गोधडीत, गोठ्यात, चुलीमागे फोन चालू असायचे. माझे वडील तर म्हशीच्या आडोशाला उभं राहून सामना बघायचे. नाना समोर आले की म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायचे. त्या काळात आमच्या म्हशीचे फार लाड झाले.

हे सगळं आता संपलं आहे. वरून मंजुरी आली, टॉवरवर नवीन पेट्या बसल्या, रस्त्याकडेने चर खणून जमिनीतून नवी तार आली. आता संध्याकाळीही नेट अडकत नाही. कुणी कुणाची पाळी विचारत नाही, कुणाला त्याची गरजही नाही. ज्या दिवशी काम झालं त्या दिवशी नाना टॉवरखाली बराच वेळ उभे होते. "चांगलं व्हयनं," म्हणाले, "आते ज्यानं त्यानं भरावं." शिट्टी त्यांनी दारामागच्या फावड्याला अडकवली. परवा मी गावी गेलो तेव्हा बघितलं, सात वाजले आणि बोलता बोलता त्यांनी फोन काढून विमान लावलं. थोड्या वेळाने त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी ते काढलं.

पण पाळ्या चालू असतानाची एक संध्याकाळ सांगायची राहिली, आणि खरं तर तेवढ्यासाठीच मी हे लिहायला बसलो.

मी सुट्टीला घरी आलो होतो. दिवस मावळायच्या सुमाराला सुरतेहून फोन आला की ताईला दवाखान्यात नेलं आहे. दिवस पूर्ण भरायला अजून अवकाश होता. नानांनी दोनच प्रश्न विचारले आणि फोन ठेवला. सात वाजता शिट्टी घेऊन निघाले. माझे वडील आडवे गेले. म्हणाले, "नाना, आजचा दिवस राहू द्या. फोन चालू ठेवा."

"काल रामदासले मी काय सांगं?"

रामदासकाका आमच्याच गल्लीतले. आदल्या दिवशी त्यांनी पाळीबाहेर फोन चालू ठेवला होता आणि कारण मोठं होतं असं सांगत होते. नाना म्हणाले होते, प्रत्येकाचं कारण मोठंच असतं.

"ते वेगळं व्हतं," वडील म्हणाले.

"त्याले नही वाटनं वेगळं."

"मग उसनी घ्या खालच्या गल्लीकडून."

"मीच ठेवस नियम, मीच मागू का?" म्हणून त्यांनी विमान लावलं आणि फोन खाटेवर पालथा ठेवला.

थोड्याच वेळात ताईच्या नवऱ्याने आपल्या फोनच्या स्टेटसला बातमी लावली. त्याचा नंबर फक्त भाऊबंदांकडे, म्हणजे आमच्या गल्लीत. घरोघरी गोधडीत, गोठ्यात, चुलीमागे सगळ्यांना एकदम कळलं. आणि मग सगळी गल्ली एकदम गप्प झाली. ज्याने जाऊन सांगायचं त्याला आधी हे सांगावं लागणार होतं की त्याचा फोन चालू होता. रामदासकाकांनी तर काल कानाला हात लावला होता. आमच्या घरी चर्चा सुरू झाली.

"तुम्हीच जा. भाऊ शेतस ना तुमना," आई म्हणाली.

"मी नही जास," वडील म्हणाले. "तो बठा तठे विमान लाईसन, आन मी काय सांगू? म्हैसनी सांगं?"

आई माझ्याकडे वळली. "तू शिकेल शे ना? मंग तूच सांग."

मी गेलो. नाना खाटेवर बसले होते. अडकित्ता हातात होता, पण सुपारी कातरत नव्हते.

"काय रे, अभ्यास सोडीसन अठे?"

"सहज."

मी शेजारी बसलो. वाक्य तयार करून गेलो होतो, ते कुठे निघून गेलं कळलं नाही. नानांनी अडकित्ता खाली ठेवला. मग त्यांनी एका उन्हाळ्याचं सांगितलं. बंधाऱ्यात पाणी कमी होतं आणि त्यांच्या शेतात मिरची सुकत होती. पाट बांधावरूनच वाहत होता. काकू म्हणाल्या, फावडं मारा, कोण बघतं आहे. नानांनी मारलं नाही. काकू आठवडाभर बोलल्या नाहीत.

"मग?" मी विचारलं.

"मग पाळी उनी. भरं पाणी."

"मिरची वाचली?"

"अर्धी," नाना म्हणाले आणि पालथ्या फोनकडे बघत राहिले.

त्यानंतर मला काही सांगणं शक्य नव्हतं. मी घरी येऊन नकारार्थी मान हलवली. आईने कुणाला तरी चौकात पिटाळलं, हलवाई बंद करायच्या आत. आणि वडील गल्लीत निघाले, या घरातून त्या घरात, हळू आवाजात काही तरी सांगत.

नऊ वाजले. नानांनी शिट्टी वाजवली, आमच्या गल्लीची. आम्ही सगळे ओट्यांवर येऊन बसलो होतो. त्यांनी विमान काढून सुरतेला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर चाक फिरायला लागलं. मी सहज मागे बघितलं तर साऱ्या गल्लीत एकाही हातात उजेड नव्हता. आमची पाळी होती आणि फोन सगळ्यांचे बंद होते, त्या दिवशी खरोखरच बंद. वडिलांचासुद्धा. नानांच्या फोनखेरीज त्या वेळी आमच्या गल्लीत टॉवरकडे कुणी काही मागत नव्हतं.

चाक थांबलं. ताई होती, आणि तिच्या खांद्याशी कापडात गुंडाळलेलं काही तरी. चेहरा पूर्ण होता, हनुवटीपर्यंत. ती हसत होती.

नानांनी ते पुष्कळ वेळ बघितलं. मग मान वर करून आमच्याकडे बघितलं, अंधाऱ्या फोनांकडे, आईच्या पदराखालून दिसणाऱ्या जिलेबीच्या पुड्याकडे. आमच्याकडे मुलगा झाला की पेढे वाटतात, मुलगी झाली की जिलेबी.

"आते चालू करा बठ्ठा," ते सगळ्यांना म्हणाले.

आणि मग आम्हाला दीड तासापासून माहीत असलेली बातमी त्यांनी आम्हाला सांगितली, आणि आम्ही ती पहिल्यांदाच ऐकावी तशी ऐकली.

"पोर व्हयनी. मायलेकी बऱ्या शेतस."