घरचं रक्त, खात्रीचं

अगं सुई, हे पत्र तुलाच आहे. पण तुझी हकिगत तुझ्या तोंडावर सांगितली तर दर वाक्याला मला तोडशील, म्हणून 'ती' म्हणून सांगते. निमूट वाच. रुग्णालयाच्या रेकॉर्डच्या खोलीत बसून मी जे पाहिलं, ऐकलं आणि तुझ्या धाकटीने जे सांगितलं, तेवढंच लिहिलंय.

तर ही सुई, रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या लॅबमधली टेक्निशियन. शीर पहिल्याच झटक्यात सापडायची म्हणून हे नाव पडलं. धाकटी बहीण तिच्याच घरी राहायची. पोट फुगलेलं, जुलाब पाचवीला पुजलेले, हिमोग्लोबिन आठाच्या वर चढायचं नाव नाही. सुई तिला वरच्या मजल्यावर, पोटाच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याचं अस्तर झिजवणारा सीलिएक नावाचा आजार असतो. डॉक्टरांनी त्याची एकच रक्ततपासणी लिहिली. रक्त सुईनेच काढलं, तपासलं, सही केली. निगेटिव्ह. आकडा तर जवळजवळ शून्य.

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, "मानसिक." वर म्हणाले, "पोट ठणठणीत आहे हो. लक्ष वेधून घ्यायची खोड आहे, दुसरं काही नाही."

सुईने मान डोलावली. पुढे तिला सगळ्यात जास्त डाचलं ते हेच.

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण किटचा नवा डबा फोडला की तो नीट चालतोय का हे पाहायला लॅबमध्ये एक निरोगी माणसाचं सीरम लागतं. ते बारीक नळ्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवतात. सुईने धाकटीचंच ठेवलं. "घरचं रक्त, खात्रीचं," म्हणाली. चार वर्षं प्रत्येक डब्याला 'हे बघ, निरोगी असं दिसतं' म्हणून तिच्या आजारी बहिणीचं रक्त दाखवलं जात होतं. शून्य आलं की सगळे खूश.

दरम्यान धाकटीने कंटाळून स्वतःच गहू सोडला. दोन महिन्यांत चेहऱ्यावर रंग आला. पण हाडं आधीच पोखरली होती. बादली उचलताना मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरने केसपेपर चाळला, तो शब्द वाचला आणि विचारलं, "खरं सांगा, स्वतःहून मोडून घेतलंत का?"

त्या दिवशी सुईच्या डोक्यात तिडीक गेली ती उतरलीच नाही. तो शब्द ज्याने लिहिला त्याच्याच हाताने खोडून घ्यायचा, आणि तोही चारचौघांत.

सुईने पुन्हा तपासणी लिहून मागितली तेव्हा मोठे डॉक्टर हसले. "गहू सोडून दीड वर्ष झालं? मग आता रक्तात काय सापडणार, कपाळ? सहा आठवडे रोज पाव खाऊ दे, मग बोलू."

सुईने खरंच पाव आणला. समोर बसून खायला लावला.

"ताई, सूड तुला घ्यायचाय, खायचं मी?"

"गप गिळ."

चौथ्या दिवशी धाकटी न्हाणीघराच्या फरशीवर पडलेली सापडली. सुईने उरलेला पाव खिडकीतून भिरकावला आणि तडक लॅब गाठली.

तिला फ्रीझर आठवला होता. त्यात धाकटीच्या सीरमच्या तीन नळ्या उरल्या होत्या, गहू खात होती तेव्हाच्या. ती पहिली तपासणी आयजीए जातीची प्रतिपिंडं शोधते. ज्याच्या अंगात आयजीए तयारच होत नाही, त्याच्यात सापडणार काय? म्हणून एकूण आयजीए सोबत मोजायचं असतं, आणि ते नसेल तर आयजीजी या दुसऱ्या जातीच्या प्रतिपिंडांची तपासणी करायची असते. सुईने दोन्ही केल्या. एकूण आयजीए नाहीच. आयजीजी कितीतरी पट चढलेलं.

शुक्रवारच्या बैठकीत सगळे डॉक्टर जमले होते. सुईने जुना आणि नवा, दोन्ही आकडे नाव झाकून मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवले. "सर, जरा बघता?"

ते खुलले. शिकाऊ डॉक्टरांकडे वळले. "बघा, किती उघड आहे! एकूण आयजीए न बघता या पेशंटला निगेटिव्ह म्हणून घरी धाडणारा गाढव कोण?"

सुईने केसपेपर उलगडून ठेवला. खाली त्यांची लफ्फेदार सही.

त्यांनी जुना रिपोर्ट पुढे ओढला आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"रिपोर्टवर सही तुमची आहे, बाई," ते म्हणाले.

"आहे ना. माझ्या सहीच्या वर आकडा आहे. तुमच्या सहीच्या वर शिवी आहे."

"बायोप्सीशिवाय निदान होत नसतं."

"निदान नका करू. तेवढा शब्द खोडा. 'तपासणी अपुरी होती' लिहा. आद्याक्षरं नकोत, पूर्ण सही. तारीख घाला."

त्यांनी लिहिलं. कागदाच्या प्रती तिने प्रत्येक विभागात स्वतः वाटल्या. धाकटीने आपली प्रत वाचली, घडी केली आणि विचारलं, "झालं तुझं? आता मी भात खाऊ?"

झालं नव्हतं, सुई. दुसऱ्याच दिवशी तू रजिस्टर घेऊन माझ्या खोलीत आलीस. एकूण आयजीए न मोजताच निगेटिव्ह ठरवलेली, तसंच जवळजवळ शून्य आलेली आणखी तेवीस माणसं निघाली. सगळ्यांच्या रिपोर्टखाली सही तुझी. पत्ते मी काढायचे आणि मंगळवारी दुपारी दोघींनी एकेकाचं दार वाजवायचं, असं ठरलं. मंगळवारी मोठे डॉक्टर राजीनामा देणार अशी कुणकुण लागली, आणि तू ते बघायला वरच्या मजल्यावर गेलीस. मी एकटीने जायला हवं होतं. मीही जिना चढून तुझ्या मागे आले. तेवीस पत्ते टेबलावर काढून ठेवले होते. दार आपण एकही वाजवलं नाही.