चारही चालू

दिघीला फेरीबोटीतून गाडी उतरवली आणि ड्रायव्हरने आधी एक बटण दाबलं. सपाट रस्त्यावर इंजिनाच्या चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद करून पेट्रोल वाचवायची सोय त्या भाड्याच्या गाडीत होती. ती त्यानं बंद केली, डावा तळवा डॅशबोर्डवर टेकवला आणि कान देऊन गाडी हाकू लागला.

“अहो, वाचतंय तर वाचू द्या की!” पेट्रोल माझं होतं, म्हणून मी कुरकुरलो.

“साहेब, आमी बोटीवरची मानसं. दर्यात एक सिलिंडर गप झाला, की जाळी न टाकता मागं फिरायचं. एकदा दादा बोलला, ‘तिनांवर चालतंय, जाऊ पुढं.’”

दादाचं पुढे काय झालं, हे मी विचारलं नाही. म्हसळ्यापर्यंत चारही सिलिंडर ऐकत बसलो.