सुनंदाच्या चिठ्ठ्या

केळीची सालं आणि किस्से, आमच्या शेडमध्ये दुपारपर्यंत दोन्ही गुडघाभर साचतात. सालं म्हशी खातात. किस्से कोण खाणार? म्हणून लिहून टाकते.

आम्ही फैजपूरच्या पाच बाया, केळीचे वेफर्स तळतो. जळगावच्या प्रदर्शनात आमचा पहिलाच स्टॉल लागणार होता. गटाच्या प्रमुख लीलाअक्का म्हणाल्या, "बाहेरचे व्यापारी येतात. जिला जास्त इंग्रजी शब्द येतील, तीच बोलणार!"

मलाच बोलायचं होतं. गटात तोंड माझं मोठं, वर मोठी जाऊ मी! पण धाकटी सुनंदा आडवी आली. ती धुळ्याकडची, 'आहे'ला 'शे' म्हणणारी, माझ्यासारखीच चौथी पास.

*

सुनंदानं झाऱ्यावर, वजनकाट्यावर, डब्यांवर इंग्रजी नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. म्हशीच्या शिंगालाही एक बांधली. शेजारच्या म्हशीनं ती ओढून खाल्ली!

मी म्हटलं, "बघ, म्हशीला पाठ झालं!"

"हो ना ताई. आता तुमचंच बाकी शे!"

*

मी एकेक शब्द पन्नास वेळा घोकायची. दुसऱ्या दिवशी डोकं घासलेल्या कढईसारखं लख्ख!

ही बया घोकायचीच नाही. सकाळी एक शब्द घ्यायची आणि दिवसभर कामात वापरायची. "तेल हॉट शे, वेट करा!" कालचा आज पुन्हा, परवाचा उद्या पुन्हा. रिकाम्या खुर्चीला गिऱ्हाईक समजून सांगायची, "सर, फ्रेश शे, क्रिस्पी शे, नो कलर!"

तेलापेक्षा मीच जास्त तापायची.

*

शेवटी मी डब्यांवरच्या चिठ्ठ्या गुपचूप अदलाबदल केल्या. शिक म्हटलं आता उलटं!

पंधरा दिवसांनी अक्कांनी परीक्षा घेतली. डब्यावर हात ठेवायचा, नाव विचारायचं. सुनंदाची सगळी बरोबर, तिनं चिठ्ठ्यांकडे बघणं कधीच सोडलं होतं. मी मिठाला 'चिली' म्हटलं आणि हळदीला 'सॉल्ट'. कुठल्या चिठ्ठ्या हलवल्या ते मीच विसरले होते, आणि रोज त्याच बघून पाठ करणारी गटात एकच बाई उरली होती!

*

स्टॉलवर सुनंदा पुढे, मी मागे खोकी उचलायला. बंगळूरकडचा एक व्यापारी आला. त्याला ना मराठी, ना हिंदी. सुनंदा उभी राहिली आणि थिजली. सवय रिकाम्या खुर्चीची, समोर खरा माणूस! माणूस पुढच्या स्टॉलकडे वळला.

मी खोक्यामागून ओरडले, "सर, वेट! फ्रेश! क्रिस्पी! नो कलर! टेस्ट, सर, टेस्ट!"

तो परत आला. त्यानं चाखलं, पन्नास किलोची ऑर्डर लिहून दिली.

लीलाअक्का डोळे फाडून बघतच राहिल्या. "अगं, परीक्षेत मिठाचं नाव आलं नाही तुला! हे बठ्ठं सगळं कधी पाठ केलं?"

मी सुनंदाकडे बोट दाखवलं. "हिच्यावर जळता जळता!"

सुनंदाला तेव्हा कुठे कंठ फुटला. "ताई, आखो जळा! अजून शंभर शब्द बाकी शेत!"