तसबिरीमागची नान

सफारगुल आपा आमच्या मंत्रालयाच्या खानावळीत शोरबा रांधायच्या. मी वर हिशेब खात्यात. इथे राजधानीत, दुशान्बेत, खातेपालट झाला की वरच्या मजल्यावरचे चेहरे बदलत. खालचा शोरबा तोच राही. मोठे साहेब, म्हणजे राष्ट्रप्रमुख, तर माझ्या लग्नाआधीपासून तेच.

त्या शरदात आमच्या मंत्र्यांना पदावरून काढून पामीरच्या डोंगरांतल्या एका दूरच्या जिल्ह्याचा कारभार बघायला धाडलं. आपांचा मुलगा दिलोवर त्यांचा ड्रायव्हर, तोही गेला. निघताना त्याने आईच्या हातच्या नानचा एक घास तोडला. उरलेली नान आपांनी खानावळीतल्या खिळ्याला टांगली. तो परतून खाईल तेव्हाच ती उतरायची. आधी उतरवली तर माणूस वाटेतच राहतो, असं आपा मानत. आम्ही सगळेच मानतो.

हिवाळ्यात खिंड बर्फाने बंद झाली आणि इकडे राज्यघटना दुरुस्तीचं सार्वमत जाहीर झालं. मोठ्या साहेबांना पदावर राहायला मुदतीची अट नको ना, एवढंच लोकांना विचारायचं होतं. मतपेटी खानावळीत ठेवायची ठरली. खानावळीचे व्यवस्थापक नुसरतुल्लो त्याच खिळ्यावर लावायला मोठ्या साहेबांची तसबीर घेऊन आले.

"आपा, ती नान उतरवा. माजी मंत्र्यांची वाट बघताय असं दिसतं."

"माझ्या पोराची आहे ती."

"आणि पोरगा ड्रायव्हर कोणाचा?"

"मग नवीन मंत्र्यांना सांगा, पातेलंही जुन्यांच्याच वेळचं आहे."

नुसरतुल्लो हसले नाहीत. आपांचा आवाज उतरला. "तिच्यावरच लावा ना तसबीर, भाऊ. साहेबांच्या मागे कोण बघायला जातंय?"

तशीच लावली. नानमुळे ती जराशी पुढे झुकली, जणू साहेब आमची जेवतानाची कुजबुज ऐकताहेत. शोरब्याची वाफ चढे, काच धुरकटे, आणि तो चेहरा ढगात तरंगे. आपा हातातला डाव थांबवून तिकडे बघत राहत. नवीन मंत्र्यांना त्यांची ही निष्ठा फार आवडली.

दुरुस्ती मंजूर झाली. जर्दाळू फुलले तेव्हा पुन्हा खातेपालट झाला. जुन्या मंत्र्यांना पामीरमधूनही काढलं आणि त्यांचा ड्रायव्हर मोकळा झाला. एका दुपारी दिलोवर खानावळीच्या दारात उभा राहिला, रापलेला, वाळलेला.

"तसबीर काढा," आपा म्हणाल्या.

नुसरतुल्लोंनी दार लावून घेतलं आणि ती काढली. पण ठेवणार कुठे? जमिनीवर शोभेना, टेबलांवर शोरब्याचे डाग. शेवटी दोन्ही हातांनी छातीशी धरून ते उभे राहिले.

दिलोवर दगड झालेली नान चहात बुडवून चघळू लागला.

"लवकर आटप रे," नुसरतुल्लो म्हणाले.

"सावकाश खा," आपा म्हणाल्या, आणि त्याच्यासमोर बसून राहिल्या.