जे निघेल ते ओट्यावर

वालजीला खाली बसलेला मी कधी पाहिला नाही. चहा तो उभ्यानेच प्यायचा, तोही अर्धा. उरलेला अर्धा ओट्यावर ठेवून तो पोळच्या, म्हणजे आमच्या दाटीच्या गल्लीच्या, मोठ्या दरवाजापर्यंत जाऊन यायचा, आणि परत येईपर्यंत कपावर साय धरलेली असायची. बोलतानाही त्याचा एक पाय पुढे आणि एक मागे. आत्ता कुणीतरी हाक मारणार आणि आपल्याला निघावं लागणार, अशा बेतात तो माणूस जन्मभर उभा राहिला.

हाक यायचीच. अमदावादच्या जुन्या शहरातली आमची घरं एकमेकांना टेकून उभी आहेत आणि त्यांचे पाइप एकमेकांच्या भिंतींत शिरलेले आहेत. एका घरी भांडी घासली की दुसऱ्या घरच्या मोरीत बुडबुडा येतो. मोरी तुंबली की बायका खिडकीतून ओरडतात, "वालजीला बोलवा!" आणि तो खांद्यावर तारेच्या स्प्रिंगचं वेटोळं टाकून येतो. स्प्रिंगच्या एका टोकाला पिळदार आकडा, दुसऱ्या टोकाला फिरवायची दांडी. बाजारात पुडीतलं औषध मिळतं, ते ओतून मोकळे होणाऱ्यांना तो हसायचा. "त्यानं घाण पुढं जाते. तुमची घाण शेजाऱ्याच्या गळ्यात. मी मागं ओढतो. ज्याची त्याला."

त्याचा बाप धूळधोया होता. माणेकचोकात सोनारांच्या दुकानांपुढची धूळ झाडायची, गटारातला गाळ उपसायचा, परातीत घोळून घोळून त्यातून सोन्याचे कण वेगळे करायचे, हा त्या लोकांचा पिढीजात धंदा. पण परात घोळायची ती भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. आडोशाला नेलेल्या धुळीवर संशय बसतो. बाप गेला, सोनारांनी दुकानांत जाळ्या बसवल्या, धुळीत सोनं उरेना. वालजीने स्प्रिंग हातात घेतली. "बापानं गटारातून सोनं काढलं, मी गटारातून गटारच काढतो," असं तो म्हणायचा. पण रिवाज त्याने सोडला नाही. पाइपातून जे निघेल ते तो घरापुढच्या ओट्यावर, जुन्या वर्तमानपत्रावर मांडायचा. सगळ्यांनी पाहायचं, आपलं ओळखायचं, मग ते उचललं जायचं. एकदा जमनादास शेठच्या पाइपातून विड्यांची थोटकं निघाली. शेठने जैन साधू महाराजसाहेबांपुढे विडी सोडली होती, त्याला कितीतरी वर्षं झाली होती. वालजीने थोटकं ओळीने मांडली. शेठाणीने चष्मा लावून पाहिली. शेठ म्हणाले, "माझी नाहीत, विचार वालजीला." शेठाणीने विचारलं, आणि वालजीने सांगितलं, "शेठ, वरच्या मजल्यावर तुम्ही एकटेच झोपता."

तेव्हापासून पोळमध्ये वालजीचा शब्द चालायचा. भांडण पाइपाचं असो वा भिंतीतल्या ओलीचं, लोक म्हणत, वालजी सांगेल ते खरं.

संक्रांतीचं उत्तरायण झालं की त्याच्या पायांना आणखी वेग यायचा. दोन दिवस सगळं शहर गच्चीवर असतं. घराघरांत पातेली भरभरून उंधियू होतो, त्याचं तेल मोऱ्यांत जातं आणि थंडीत पाइपाच्या आत मेणासारखं थिजतं. त्याला पतंगाची दोरी गुंडाळली जाते. गच्चीच्या मोरीत दोरी जाऊ नये म्हणून लोक फडक्याचा बोळा कोंबतात आणि काढायला विसरतात. मग गच्ची धुतली की बोळा पाण्याबरोबर आत.

त्या वर्षी पहिली हाक सुभद्राबांच्या घरून आली. बांच्या मोरीतून काळं पाणी उलटं वर आलं होतं. बा म्हणजे आमच्या पोळमधल्या सर्वांत कडक जैन आजीबाई. सूर्य मावळला की तोंडात घास नाही, पाणी उकळूनच, कांदा-लसूण तर उंबऱ्याच्या आत कधी आलाच नाही. त्यांनी वरची खोली निताई नावाच्या एका बंगाली सोनकारागिराला दिली होती. देताना एकच अट घातली होती. "मासा आणायचा नाही. आणलास त्या दिवशी सामान खाली." निताईने मान डोलावली. खोली मिळायला त्याला चपला झिजवाव्या लागल्या होत्या. बंगाली म्हटलं की लोक दार लावत. आता त्याची बायको शेफाली नऊ महिन्यांची गरोदर होती, आणि जिना उतरताना भिंत धरून उतरायची.

वालजीने आधी बांची मोरी पाहिली, मग वर गेला. गच्चीचं, शेफालीच्या स्वयंपाकघराचं आणि बांचं, तिन्हींचं पाणी एकाच पाइपातून खाली उतरत होतं. त्याने शेफालीच्या मोरीची जाळी काढली आणि स्प्रिंग आत सोडली. दांडी फिरवता फिरवता तो पाय बदलत होता. शेफाली दाराशी उभी होती. तीही खाली बसेना.

"काका," ती शेवटी म्हणाली, "खाली लोक जमलेत?"

"जमणारच. उत्तरायण संपलं, आता बघायला पतंग कुठं आहेत?"

"काका, जे निघेल ते खाली मांडणार?"

"मांडणार."

"सगळं?"

वालजीने दांडी थांबवली. शेफालीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग तिने सांगून टाकलं. त्यांच्याकडे बाळंतपणाआधी बाईला जे हवं ते खाऊ घालतात, आणि त्या ताटात माशाचं डोकं लागतंच. माहेर लांब, आई येऊ शकली नाही. उत्तरायणाच्या दिवशी पोळ सगळी गच्चीवर, खाली चिटपाखरू नाही, घराघरांत उंधियूचा वास. निताईने पालकाच्या जुडीखाली लपवून छोटासा मासा आणला. तिने याच मोरीत धुतला.

"खवले जाळीतून गेले, काका. मी पाणी ओतत राहिले. बांना कळलं तर आज सामान खाली. या पोटानं मी कुठं जाऊ? कोण ठेवून घेईल?"

"मला कशाला सांगितलंस?" वालजी चिडून म्हणाला. "सांगितलं नसतंस तर मला तरी माहीत नसतं."

"तुम्हाला दिसलंच असतं."

ते खरं होतं. आकडा मऊ गोळ्यात रुतला तेव्हाच त्याच्या हाताला कळलं की आता मागे ओढायचं. त्याने ओढलं. आधी लाल दोरीची झिपरी आली, मग फडक्याचा बोळा, मग थिजलेल्या तेलाचा पिवळट लोळा, आणि त्या लोळ्यात जागोजाग चिकटलेल्या पांढऱ्या चकचकीत चकत्या. पाइपाने मोठ्ठा ढेकर दिला आणि खालून बांची सून जागृती ओरडली, "उतरलं! पाणी उतरलं!"

वालजीने सगळं बादलीत टाकलं. लोळा घोळून चकत्या तेवढ्या काढून टाकाव्यात, असं त्याच्या मनात आलं. पाणी ओतायला तांब्या उचललाही. पण एवढ्यात समोरच्या घरातले प्रबोधकाका धापा टाकत जिना चढून वर. खोलीवर त्यांचा डोळा होता. भाच्याला हवी होती. "काय वालजी, किती वेळ? बंगाल्याच्या घरात खजिना सापडला की काय? चल, चल, खाली चल." बादली त्यांनीच उचलली.

ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं होतं. वालजीने सगळं मांडलं.

बोळा जागृतीने ओळखला. "बा, हा तुमच्या जुन्या साडीचा तुकडा."

"मग माझाच," बा म्हणाल्या. "गच्चीच्या मोरीत मीच घातला होता. पण हे चमकतंय ते काय?"

सगळे वाकले. आता आमची पोळ अशी, की मासा कसा असतो हे लोकांनी पाहिलं ते शाळेच्या पुस्तकात. खवला हातात घेतलेला एकही माणूस त्या ओट्याभोवती नव्हता, वालजी सोडून.

"आभले आहेत," प्रबोधकाका म्हणाले. "जागृतीवहूच्या चणियाचोळीचे."

"माझ्या चोळीला काचेचे आभले आहेत, काका. हे वाकतंय."

"मग पतंगाची चमकी."

"चमकी पाण्यात विरते."

"नखं असतील."

"कुणाची? राक्षसाची?" लोक हसले.

बांनी काडीने एक चकती सोडवली, पाण्याने धुतली आणि तळहातावर घेतली. उन्हात धरली. त्यात फिकट जांभळी झाक उमटली. सुंदरच दिसत होती, खोटं कशाला बोलू.

"वालजी," बा म्हणाल्या, "तू सांग. तू सांगशील ते खरं."

वालजीने वर पाहिलं. वरच्या खिडकीत शेफाली उभी होती, पोटावर दोन्ही हात ठेवून. त्याने खाली पाहिलं. त्याचा पुढचा पाय मागे गेला, मागचा पुढे आला. बापाची परात, रस्त्यावरची धूळ, शेठची थोटकं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. पुढे त्याने मला तसं सांगितलं, म्हणून म्हणतो.

"टिकल्या आहेत, बा," तो म्हणाला. "साडीच्या. जुन्या काळच्या."

"तरीच!" बा एकदम खूश झाल्या. "हल्लीच्या टिकल्यांना अशी झळाळी कुठली? जागृती, फेकू नकोस गं. सगळ्या वेच, साबणाने धू आणि देवघराच्या कपाटातल्या माझ्या शिवणाच्या डबीत ठेव. तुझ्या छोकरीच्या फ्रॉकला लावू."

जागृती वेचायला बसली. वालजी दोन पावलं दरवाजाकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. जागृतीने आठ-दहा चकत्या पदरात घेतल्या. "बा, या देवाच्या बटव्याला पण छान दिसतील, नाही?"

"दिसतील की."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. भिंत धरत धरत शेफाली उतरली आणि ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"बा, हातातलं टाका ते. टिकली नाहीये. माशाचा खवला आहे. माझ्या घरचा."

जागृतीने पदर झटकला आणि घरात धावली. आतून नळ वाहायला लागल्याचा आवाज आला. बांनी मात्र हात झटकला नाही. चकती हळूच वर्तमानपत्रावर ठेवली, जशी एखादी मुंगी ठेवावी, आणि हात अंगापासून लांब धरून उभ्या राहिल्या.

"मी सांगितलं होतं!" प्रबोधकाका गरजले. "आजच्या आज खोली खाली करा!"

"प्रबोध, घर तुझं का माझं?"

"पण बा, अट—"

"अट मी घातली. मला आठवते." मग त्या शेफालीकडे वळल्या. "डोहाळे होते?"

"हो, बा. आमच्याकडे बाळंतपणाआधी मासा द्यावाच लागतो."

"आणि आत्ता का सांगितलंस? वालजीने तर तुला वाचवलं होतं."

शेफालीने खाली पाहिलं. "देवाच्या बटव्याला लावणार होतात, बा."

बा आत गेल्या. उकळलेल्या पाण्याने हात धुतल्याचा आवाज आला. मग त्या सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला, बसल्या. आता त्या दोन घटका उठणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी घरी गेलं नाही. प्रबोधकाका ओट्याच्या काठावर बसून गुडघे हलवू लागले. जागृतीने शेफालीला पाट आणून दिला, पण तिला स्पर्श न करता. वालजी पोळच्या दरवाजापर्यंत जायचा, परत यायचा. दर खेपेला त्याला वाटत असावं, बा आल्या. बा येत नव्हत्या.

आल्या तेव्हा त्यांचा आवाज रोजचाच होता.

"भरल्या पोटाच्या बाईला मी रस्त्यावर काढणार नाही. ते पाप याहून मोठं. बाळंत हो, सव्वा महिना होऊ दे, मग खोली सोडा. आणि आजपासून वरची चूल बंद. तुझं आणि तुझ्या नवऱ्याचं ताट माझ्याकडून येईल. आमटी, भाकरी, भात. रडलीस तरी तेच."

"चालेल, बा," शेफाली म्हणाली, आणि खरंच रडली.

"उद्या माझा उपवास आहे," बा जागृतीला म्हणाल्या. प्रायश्चित्ताचा, हे त्यांनी सांगितलं नाही. मग त्यांनी वालजीकडे पाहिलं. तो स्प्रिंग गुंडाळत होता, भराभरा, वेटोळी चुकत होती.

"वालजी, पाइप मोकळा झाला?"

"झाला, बा."

"खरं?"

इतक्या वर्षांत हे कुणी त्याला विचारलं नव्हतं.  वालजीने स्प्रिंग खाली टाकली, नळाखाली बादली भरली, वर गेला आणि शेफालीच्या मोरीत ओतली. खाली आला, पुन्हा भरली, पुन्हा वर. पाणी सळसळत खाली जात होतं, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. तरी तो ओततच होता. "पुरे रे," बा शेवटी म्हणाल्या, "पाणी वाया जातंय."

शेफालीला मुलगी झाली. सव्वा महिन्यानंतर ती माणसं नदीपलीकडे, मासा शिजतो अशा वस्तीत राहायला गेली. प्रबोधकाकांच्या भाच्याला खोली मिळाली नाही. बांनी तिला कुलूप लावलं.

वालजीला हाका येतच राहिल्या. तुंबायचं ते तुंबतंच. पण आता ओट्यावर मांडलेलं लोक काडीने उलटंपालटं करून स्वतः बघतात, आणि कोणतीही सून सहज विचारते, "खरं ना, वालजीभाई?" एकदा मी त्याला गाठलं आणि विचारलं, "त्या दिवशी खोटं बोललास त्याचं वाईट वाटतं का?"

तो माझ्या ओट्याला टेकला नाही. एक पाय पुढे, एक मागे. "पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच बोलेन," तो म्हणाला, "आणि पुन्हा झोप लागणार नाही." एवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातून त्याच्या नावाची हाक आली. त्याने स्प्रिंग खांद्यावर टाकली आणि हाक पुरी होण्याआधीच तो वळणाआड गेलाही.