धक्क्यावर मी दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मशिदीत शेजारी बसणाऱ्या सख्ख्या भावालाही नाही. जुन्नरात माझी ख्याती बडबड्या म्हणून — जपान पाहून आलेला, भूकंपातून वाचलेला माणूस. बाजारपेठेत लोक मला बसवून घेतात आणि ती हकिकत पुन्हापुन्हा ऐकतात. जमीन कशी हलली, आग कशी धावली, सगळं मी रंगवून सांगतो. फक्त बंदराच्या धक्क्यापाशी आलो की घाई करतो. ते अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

आधी धोंडूचं सांगायला हवं. आंबेगावच्या वर, घोड नदीच्या खोऱ्यात त्याची वाडी, भाताची चार खाचरं. मी जुन्नरचा कागदी. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातकागद व्हायचा, तो धंदा गिरणीच्या कागदाने बसवला. आमची गाठ पडली मुंबईच्या गोदीत. त्याच्या तोंडून जुन्नरच्या बाजाराचं नाव ऐकलं आणि मी त्याला धरूनच ठेवलं. एका रेशीमवाल्या शेठने आम्हा दोघांना एकाच दिवशी, एकाच कामावर योकोहामाला नेलं — गासड्या बांधायला. एक खोली, एक चूल. तो माझ्या हातचं जेवायचा आणि वाडीत कळलं तर वाळीत पडेन म्हणून हसायचा. फरक एवढाच, की मला लिहिता-वाचता यायचं, मोडकंतोडकं इंग्रजी कळायचं. म्हणून माझ्या कागदपत्रात शेठने ‘कारकून’ लिहून घेतलं होतं. बांधत मात्र मीही गासड्याच होतो.

भूकंप ऐन जेवणाच्या वेळी झाला. वखार बसली. मी तुळईखाली अडकलो आणि धोंडूने मला उपसून काढलं. त्याच्या बोटांची नखं गेली. हे मी बाजारात सांगतो, आणि हे खरं आहे.

त्यानंतरचे दिवस — ते सांगणं अवघड. धक्के थांबत नव्हते, कुणी छपराखाली जायला धजत नव्हतं. आम्ही जळक्या झाडांखाली बसून असायचो. फुटलेल्या नळाचं पाणी, कुणी दिला तर मूठभर भात. हरवलेल्या माणसांची नावं लिहून लोक खांबाखांबांना कागद डकवत. मला ती लिपी येत नव्हती, पण कागद ओळखता यायचा. इतका सुंदर हातकागद आणि त्यावर असला मजकूर. मी बोटाने चाचपून पाहायचो आणि धोंडू मला ओढून पुढे न्यायचा.

त्याचं बरोबर होतं, कारण परक्या माणसाने फार वेळ कुठे उभं राहू नये असे ते दिवस होते. परक्यांनी आगी लावल्या, विहिरींत विष घातलं, अशा कंड्या पिकल्या होत्या. चौकाचौकांत माणसं बांबूचे भाले घेऊन उभी असत. थांबवून बोलायला लावत, उच्चार चुकला की बाजूला घेत. बाजूला घेतलेल्यांचं पुढे काय झालं? मी पाहिलं नाही. पाहायला थांबलोच नाही. आम्ही दोनदा सुटलो. तिसऱ्यांदा सुटू असं मला वाटत नव्हतं.

आणि मग कळलं, इंग्रजांच्या राज्यातल्या लोकांना घेऊन एक बोट कोबे बंदराला निघाली आहे.

धक्क्यावर एक साहेब यादी घेऊन बसला होता. शेजारी दुभाष्या म्हणून रत्नागिरीकडचा एक खलाशी. कोकणी का होईना, पण मराठी कानावर पडल्यावर मला रडू आलं. माझे कागद मी सदऱ्याच्या आत बांधले होते, ते वाचले. धोंडूचे वखारीत जळाले होते. साहेबाने त्याच्याकडे बोट केलं. खलाशाने विचारलं, हा तुमचा कोण?

मी म्हणालो, माझा गडी.

आता आमच्याकडे या शब्दाचे दोन अर्थ. गडी म्हणजे कामाला ठेवलेला माणूस. आणि गडी म्हणजे सोबती, खेळातला भिडू. धोंडू मला हाकच मुळी ‘गड्या’ अशी मारायचा. खलाशाने साहेबाला एक इंग्रजी शब्द सांगितला, साहेबाने तो लिहिला आणि धोंडूला मागून येणाऱ्या बोटीसाठी बाजूला बसवलं. तो हसला. मी त्याला चारचौघांत गडी म्हणालो याचं त्याला बरंच वाटलं असावं.

“जा तू,” तो म्हणाला. “मी येतो मागनं.”

मागची बोट आठवड्याने आली. तोवर हगवणीने तो धक्क्यावरच गेला.

कितीतरी वर्षं मी स्वतःची अशी समजूत घातली, की मी सोबती म्हणालो आणि खलाशाने नोकर ऐकलं. बोलाफुलाला गाठ, दुसरं काय? पण ते तसं नव्हतं. खलाशाने मला आधीच सांगितलं होतं — घरचा असेल तर दोघंही चढा, गडी असेल तर त्याला मागच्या बोटीला थांबावं लागेल. आधी सांगितलं, मग विचारलं. माझं नाव रहीम, त्याचं धोंडू. भाऊ म्हणालो आणि साहेबाला संशय आला, तर माझीही जागा जाईल, पुन्हा ते भालेवाले — एवढं सगळं मी एका श्वासात मोजलं. मला नोकरच म्हणायचं होतं.

त्याच्या मरणाचा दाखला शेठच्या पेढीमार्फत माझ्या हाती आला. इंग्रजीत, गिरणीच्या हलक्या कागदावर. तो घेऊन मी वाडीत गेलो. धोंडूची बायको सगुणा, तिने मला पाणी दिलं आणि समोर बसली.

“काय लिवलंय, भाऊ?”

त्यात लिहिलं होतं — धोंडू, रहीम कारकुनाचा नोकर. मी वाचलं — धोंडू, रहीमचा दोस्त.

तिने कागद माझ्या हातून घेतला. मग म्हणाली, “परमुलखात त्यांचं कुनी व्हतं, येवढं कागदावर हाय. लई झालं.” आणि कागद माझ्यापुढे धरून म्हणाली, “दोस्त कुठं लिवलंय त्यात? दावा मला.”

मी तिचं बोट धरून ‘नोकर’ या शब्दावर ठेवलं.

तेव्हापासून पितरांच्या पंधरवड्यात ती मला बोलावणं धाडते. डोंगर चढून मी जातो. न गेलो तर काय कारण सांगू? ताट दाखवून झालं की ती तो कागद उलगडते, माझ्याकडून वाचून घेते आणि त्या एका शब्दावर गंधाचं बोट टेकवते. जागा तिच्या नेमकी लक्षात आहे. मग मला पहिल्या पंगतीला बसवते, धोंडूचा दोस्त म्हणून, आणि मी जेवतो. पोटभर जेवतो.

गेल्या साली तिने मुलीचं लग्न केलं. जावई शाळामास्तर, त्याला इंग्रजी येतं. हे कळलं तेव्हापासून माझी झोप उडाली होती. यंदा गेलो, तर तो ओसरीवर बसला होता. सगुणाने कौतुकाने कागद त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ बघत होता. मग मान हलवून म्हणाला, नाव वाचता येतंय, पण त्यापुढच्या शब्दावर गंधाचे थर बसलेत, काही लागत नाही.

“ते भाऊंना पाठ हाय,” सगुणा म्हणाली.

मी वाकून पाहिलं. खरंच, तिथे आता काहीच दिसत नव्हतं. आणि मला बरं वाटलं.