सरिताचे घोटे

"पोरीच्या पायाला कोणी हात लावू नका म्हणून सांगून राहिलो ना मी!"

"पोर माही आहे. तुमची शिट्टी मैदानात वाजवा, माह्या घरात नाही."

हे भांडण मी भिंतीआडून ऐकलं, त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. आमची आणि शेजारच्या इंदूची भिंत एकच. तिकडचा कुकर वाजला की मी इकडे गॅस बंद करायला उठते, इतकी पातळ.

त्या दिवशी इंदूची पोरगी सरिता मैदानातून लंगडत घरी आली होती. पळता पळता मांडीला मागून कोणी दगड मारल्यासारखं झालं म्हणे, आणि वळून पाहिलं तर मागे कोणीच नाही. तिला फुटबॉल शिकवणारे वसंत सर म्हणत होते, स्नायू फाटला आहे, बर्फ ठेवा, आराम द्या. इंदू म्हणत होती, नस चढली आहे. आणि आमच्याकडे नस चढली की दवा एकच: नस बसवणारा बाबा, गरम तेल आणि त्याचा अंगठा. सर इकडून गेले, बाबा तिकडून आला. फाटलेल्या जागेवर त्यानं असा अंगठा रगडला की पोरगी दोन घरं ऐकतील अशी ओरडली. महिन्याचं दुखणं पावसाळाभर पुरलं. पुढे तीच नस आणखी दोनदा गेली.

सरिता उजव्या कडेनं पळणारी. बॉल पुढे टाकायचा आणि तो तिनं गाठायचा, एवढाच तिच्या टीमचा डाव. पण नस गेल्यापासून ती अर्ध्यातच पाय आखडायची. दिवसा रामदासपेठेत एका दवाखान्यात काउंटरवर बसायची, सकाळ-संध्याकाळ मैदान. एका सरकारी खात्याची बायकांची टीम आहे, तिच्यात निवड झाली की पक्की नोकरी. या हिवाळ्यानंतर तिचं वय त्यात बसणार नव्हतं. म्हणजे ही शेवटची निवड. हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

म्हणून यंदा सरांनी तिच्यासाठी एक व्यायाम काढला. गुडघ्यांवर उभं राहायचं, मागून कोणीतरी घोटे दाबून धरायचे, आणि कमरेत न वाकता सगळं अंग हळूहळू जमिनीकडे न्यायचं. पडायचं नाही, उतरायचं. आता घोटे धरणार कोण? इंदू म्हणाली, माझ्यानं पाहवत नाही. राहिली मी. माझ्याकडे एकदा पाहून सर म्हणाले, "आजी, जोर नका लावू. नुसत्या टेका." जन्मभर ज्या वजनावरून बोलणी खाल्ली, ते असं कामी आलं.

पहिल्या आठवड्यात पोरीला बसता येईना, जिना उतरता येईना. इंदू भांडी आपटत म्हणायची, "चालती-फिरती पोरगी, अपंग करून ठेवली."

सरितासुद्धा वैतागली. "आजी, मले पळायचं आहे, अन् हे मले लोटांगणं घालायला लावून राहिले."

सर म्हणाले, "तू पळताना पाय पुढे फेकतेस ना, त्याले आवरते कोण? हीच मागची नस. गाडी जोरात न्यायची आहे तं ब्रेक भक्कम पाहिजे का नाही?"

मला ते पटलं. आमचा मुलगा ऑटो चालवतो.

दिवाळीपर्यंत ती नाक फरशीला टेकेपर्यंत उतरायला लागली. आधी भदकन पडायची. मैदानात सरांनी घड्याळ लावलं, तर ती पहिल्यापेक्षा लवकर पोचली. सरांना वाटलं घड्याळच बिघडलं. दुसऱ्याचं घेऊन पाहिलं, तेच. मग सरांनी बजावलं: सोमवारी निवड आहे, आता हा व्यायाम बंद, मॅच बंद. पाय ताजे राहू दे.

शनिवारी संध्याकाळी खाप्याहून तिचा मामा आला. प्रेमानंद. गावातल्या बायकांच्या टीमची रविवारी मॅच होती आणि बाहेरची एक खेळाडू चालत होती.

"भाची असून दुसऱ्याची पोरगी आणू का मी? गावात नाक कापलं जाईल, इंदू."

मी दारातूनच म्हटलं, "तुझं नाक सोमवारनंतर कापू दे ना गा. काय घाई आहे त्याले?"

"एकच मॅच आहे, मावशी. अर्ध्या दिवसाची गोष्ट."

"सरिता, तू बोल वं. तुले तोंड नाही का?"

सरितानं खाटेखालून बूट ओढले. लहानपणी सारे पोरीला फुटबॉल कशाला म्हणत होते, तेव्हा पहिले बूट याच मामानं आणले होते. त्याला नाही कसं म्हणावं? आमच्यात भाची मामाला नाही म्हणत नाही, मग मामा कितीही बावळट असो. तिनं गुपचूप पिशवी भरली.

पहिली मॅच पोरी जिंकल्या. जिंकल्या म्हणून दुपारच्या उन्हात फायनलही खेळावी लागली. अंधार पडता पडता मामा कप घेऊन आला.

"नसले काही झालं का? काही नाही!"

इंदू खुश. "पाहा आजी, सर उगाच भेव दाखवते."

सोमवारी सरिता निवडीहून आली ती सरळ माझ्या ओट्यावर बसली. मी विचारलं, दुखलं का?

"नाही आजी. पाय दुखत नव्हते. येतच नव्हते. मी बोलावू, अन् ते मागेच."

संध्याकाळी सर आले. यादीत तिचं नाव नव्हतं. इंदूच्या घरात न शिरता ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "आजी, दोन-दोन मॅच खेळून नसेचा धागा नाही तुटला. एवढी मजबूत केली आपण. अन् वापरली कुठं, तं मामाच्या कपासाठी!"

मला इतका राग आला होता, की कोणावर काढू तेच कळेना. मामावर, इंदूवर, की त्या मुक्या पोरीवर? सर तरी ओरडू शकत होते. मी नुसती घोटे धरणारी.

तेवढ्यात इंदूला मामाचा फोन आला. त्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. "पुढच्या साली देईल म्हणा निवड!"

"पुढच्या साली वय बसत नाही, दादा!" इंदू भावावर असं ओरडलेली मी पहिल्यांदा ऐकली. "माह्या पोरीचं वय काय तुह्या खाप्यात थांबून राहते का?" आणि फोन ठेवून ती सरांवरच उलटली, "तुम्ही तरी काहून नाही अडवलं तिले?"

"मले सांगितलं कोणी, ताई?"

दोघांचं जुंपलं. सरितानं तोंड धुतलं, कपडे बदलले, चुलीपाशी जाऊन पोळ्या मोजल्यासारखं केलं आणि डबा भरला. तिचे बाबा कळमन्याच्या बाजारात रात्रीची राखण करतात. त्यांचा डबा रोज तीच नेते.

"भाजी थंड होऊन राहिली," ती दोघांच्या मधून वाट काढत म्हणाली. हँडलला पिशवी अडकवली, सायकल ओट्याखाली उतरवली आणि कळमन्याच्या रस्त्याला लागली.